सीटखालचा हात

"सोडणार असाल तेव्हा सांगाल ना मला?" असं नर्सबाईंनी विचारलं आणि शिट्टीसर इतके गडबडले की तोंडातली शिट्टी निसटून गळ्यातल्या दोरीला लोंबकळायला लागली. प्रश्न म्हटलं तर अगदी साधा. सकाळची वेळ, मैदानाच्या कडेची सिमेंटची पट्टी, तिच्यावर लाल सायकल, सायकलवर पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, अख्ख्या वॉर्डाला धाकात ठेवणाऱ्या नर्सबाई, आणि मागे सीटखालची दांडी धरून वाकलेले सर. शाळेत होते तेव्हापासून पोरांनी त्यांना शिट्टीसर नाव ठेवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही ते काही सुटलं नव्हतं. इतक्या वर्षांत हजारदा दिलेलं उत्तर त्यांनी याही वेळी दिलं, "तुम्ही पुढे बघा. मी धरलंय." पण बाई पुढे बघेनात. त्यांनी पाय जमिनीला टेकवला, मान वळवली आणि म्हणाल्या, "धरलंय ते कळतंय हो मला. सोडताना सांगणार का, एवढंच विचारतेय." सर म्हणाले, "सांगितलं तर पडाल." "आणि नाही सांगितलं तर?" "तर नाही पडणार." मग बाई सायकलवरून उतरल्याच. रागावल्या वगैरे नव्हत्या. हेल्मेट काढून त्यांनी केस सारखे केले आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, आम्ही पेशंटला सुई टोचायच्या आधी सांगतो. तो हात आखडतो, शीर सापडत नाही, दोनदा टोचायला लागतं, सगळं मान्य. तरी सांगतो. लहान पोरांना नाही सांगत, त्यांना खिडकीतला पक्षी दाखवतो. पण मी काही पोर नाही. विचार करा आणि उद्या सांगा. नाही जमणार म्हणालात तर राग नाही माझा. पण मग मी बसणार नाही." एवढं बोलून त्या ड्यूटीवर गेल्या, आणि सर रिकामी सायकल हातात धरून उन्हात उभे राहिले.

दुपारी जेवणाच्या टेबलावर कोरा कागद पसरून सर बसले तेव्हाही तो प्रश्न कानात होताच. कागदाची भानगड वेगळी. मैदानाच्या कचेरीतला कारकून, सरांच्या हाताखालून गेलेल्या पोरांच्याच वयाचा, पण खुर्चीमुळे वडीलधारा झालेला, त्यांना म्हणाला होता, "मोठ्या माणसांचा वर्ग म्हणजे जबाबदारी आहे, सर. उद्या कुणी पडलं, हात मोडला, तर वरचे मला धरतील. शिकवण्याची पद्धत काय ते लिहून द्या. उद्दिष्ट, साहित्य, पायऱ्या, मूल्यमापन, सगळं रीतसर." सर आधी हसले होते. सायकल शिकवायला पाठाचं टाचण! उद्या म्हणाल, पोहायला शिकवायलाही पाण्यात फळा घेऊन उतरा. पण घरी येऊन पट्टीने चौकटी आखायला घेतल्या आणि त्यांना मजा वाटायला लागली. शिक्षकाच्या ट्रेनिंगमध्ये असताना ते अशी टाचणं रात्रंदिवस काढायचे, समास सोडून, लाल शाईने अधोरेखित करून. आता त्यांनी 'उद्दिष्ट' लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'पाठाच्या शेवटी विद्यार्थी'. मग विद्यार्थी खोडलं आणि 'शिकणारी व्यक्ती' केलं. तेही खोडलं आणि सरळ 'नर्सबाई' लिहिलं. पाठाच्या शेवटी नर्सबाई आधाराशिवाय सायकल चालवतील. वाचून त्यांना बरं वाटलं. मग 'आधाराशिवाय' या शब्दापाशी पेन अडलं आणि ते उठून गॅसवरच्या भाताकडे बघून आले, कारण बायको खाली दुकानात जाताना म्हणाली होती, "आज भात तुम्हीच लावा बरं का, मला यायला उशीर होईल."

सरांना लहानपणापासून कुतूहल होतं ते एकाच गोष्टीचं, आणि ते कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण व्यायामाचे सर असलं काही बोलले तर लोक हसतात. सायकल चालवायला येते म्हणजे नक्की काय होतं? त्याचा क्षण कुठला? शिकणाऱ्याला तो कळत नाही. बघणाऱ्यालाही कळत नाही. तो कळतो फक्त सीटखालच्या हाताला. आधी हातात सगळा गोंधळ असतो, वजन डावीकडे येतं, उजवीकडे जातं, मनगट भरून येतं. आणि मग एकदम, काहीही न होता, हात रिकामा होतो. दांडी हातातच असते, पण तिला आता तुमची गरज नसते, कडेवरचं पोर उतरायला बघतं तेव्हा जसं अंगाला कळतं तसं ते कळतं. त्या क्षणी सर हात काढून घ्यायचे आणि धावत राहायचे, पावलांचा आवाज येत राहावा म्हणून, आणि ओरडत राहायचे, "धरलंय, धरलंय!" किती पोरांना त्यांनी असं शिकवलं याचा काही हिशोब नव्हता. प्रत्येक जण थोडं पुढे जाऊन कधीतरी मागे बघायचा, सर लांब राहिलेले दिसायचे, आणि त्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघायला तर सर या धंद्यात होते. फसवल्याचा राग आणि आनंद, दोन्ही एकदम, त्यातलं कुठलं आधी ते सांगता यायचं नाही.

त्यांना स्वतःला दादाने शिकवलं होतं. दादा म्हणजे थोरला भाऊ, उंच, दात पुढे, सगळ्या जगाची चेष्टा करणारा. सायकलही दादाचीच, सीट इतकी उंच की नळीखालून पाय घालून चालवायला लागायची. दादा मागून ओरडायचा, "धरलंय रे, घाबरतोस काय भित्र्या!" आणि एकदा ओरडण्याचा आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला म्हणून यांनी वळून बघितलं, तर दादा पार रस्त्याच्या टोकाला, कमरेवर हात ठेवून दात काढत उभा. तोवर सायकल छान चालली होती. बघितल्यावर हे पडले. हनुवटी फुटली, शर्टभर रक्त, आईने दादाला बदडलं. पण त्या दिवशी त्यांना जो धडा मिळाला तो जन्मभर पुरला. माणूस तोल गेल्यामुळे पडत नाही, मागे कुणी नाही हे कळल्यामुळे पडतो. म्हणून कळू द्यायचं नाही. एवढं साधं शास्त्र. आता कागदापुढे बसून ते पहिल्यांदाच विचार करत होते की, आपण रस्त्याकडे न बघता वळून का बघितलं? आवाज लांबून आला म्हणून, हे झालंच. पण त्याच्याही आधी काहीतरी असणार. पाठीला कळलं असेल. पाठीमागे कुणी असतं तेव्हा पाठ वेगळी असते. अजूनही झोपेत बायको कूस बदलून लांब सरकली तर त्यांना जाग येते, डोळे न उघडताच.

आणि मोठी माणसं? मोठ्या माणसांना शिकवणं म्हणजे तेच, फक्त पकडायला जड, असं सरांना सुरुवातीला वाटलं होतं. पहिल्याच रविवारी नक्षा उतरला. पोर पडतं आणि मग कुणी बघितलं का ते बघतं. मोठा माणूस आधी कोण बघतंय ते बघतो आणि मग पडतो. दातांचे एक डॉक्टर येतात, ते हँडल इतकं घट्ट धरतात की सायकल वळायचं विसरते. मोठा माणूस सीटवर बसतो तेव्हा त्याचं गुडघ्याचं दुखणं, घराचे हप्ते, लग्नाची मुलगी, सगळं बरोबर बसतं, आणि सर मागून ते सगळं धरून धावतात. पण त्यातही एक गंमत त्यांच्या लक्षात आली होती. पोरांना सायकल हवी असते. मोठ्यांना सायकल नको असते, त्यांना कुठेतरी जायचं असतं. नर्सबाईंना विचारलं होतं, "या वयात कशाला हो?" तर म्हणाल्या, "ड्यूटी संपल्यावर बसची वाट बघत उभी राहते ना, तेव्हा समोरून कुणीतरी बाई सायकलवरून जाते. रोज जाते. मला बघायचंय ती कुठे जाते ते." सर हसले होते, पण रात्री अंथरुणात पडल्यावर त्यांनाही वाटून गेलं होतं, खरंच, कुठे जात असेल?

बरं, पायऱ्या. त्यांनी पेन उचललं. पायरी एक, शिक्षक दोन्ही हातांनी सीट धरतो आणि प्रत्येक गोष्ट बोलून दाखवतो. पायरी दोन, शिक्षक एका हाताने धरतो, बोलणं कमी करतो. पायरी तीन, शिक्षक हात लावत नाही, पण शिकणाऱ्याला दिसेल असा बाजूने चालतो. पायरी चार, शिक्षक दिसत नाही, पण आवाज येत राहतो. पायरी पाच, आवाजही बंद. अक्षर चांगलं आलं होतं. कारकुनाच्या सात पिढ्यांनी असं टाचण बघितलं नसेल, असं मनात म्हणत त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. आणि वाचता वाचता चौथ्या पायरीवर त्यांना बायकोचा आवाज ऐकू आला. आवाज खरा नव्हता, आठवणीतला होता, बाहेरच्या खोलीतून आलेला, "मीठ घातलंत का?"

स्वयंपाकघरात भाताचं झाकण वाजत होतं. मागे कधीतरी, थंडी संपत आली होती तेव्हा, बायको सहज म्हणाली होती, "अहो, भात लावायला शिका ना जरा, माझं मनगट दुखतं." तेव्हा ती ओट्यापाशी त्यांना चिकटून उभी होती. पाणी इतकं, बोटाच्या पेरापर्यंत, तांदूळ तीनदा धुवा, नाही हो, चोळू नका असे. त्यांचा हात हातात धरून तिने पाणी मोजायला लावलं होतं. मग नुसती शेजारी उभी राहायची, चुकलं तरच बोलायची. मग काही दिवसांनी ती ओट्यापाशी नव्हती, मागे टेबलावर भाजी निवडत होती, आणि मान वर न करता सांगत होती. मग बाहेरच्या खोलीतून नुसती विचारायची. परवा तर बाल्कनीत होती आणि तिने काहीच विचारलं नाही. आणि आज ती घरातच नव्हती. पाच पायऱ्या, ओळीने, एकही न चुकता. सरांनी कागदाकडे बघितलं आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

आणि भातच कशाला! एकदा धागा हाताला लागल्यावर सगळं उसवत गेलं. कपडे धुवायच्या मशीनचं कुठलं बटण कुठे फिरवायचं ते. गॅस संपला तर कुणाला फोन करायचा ते. रक्तदाबाची गोळी तीच रोज बशीत काढून द्यायची, ती आता म्हणायला लागली होती, "तुमची तुम्ही घ्या, लहान आहात का?" त्याचं त्यांना वाईटही वाटलं होतं. शिलाईचं मशीन, जे तीस वर्षं कधी गप्प बसलं नाही, ते चादरीखाली गेलं होतं. नवे कपडे शिवायला घेत नव्हती, आलेल्या बायकांना परत पाठवत होती. विचारलं तर, "कंटाळा आलाय हो आता." फोन आला की बाल्कनीचं दार लोटून बोलत होती. आणि एका दुपारी तिच्या कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा चिकटपट्टीने लावलेला दिसला होता, रक्त काढून घेतात तिथे. "साधी तपासणी," ती म्हणाली होती, "या वयात करून ठेवावी." आणि हे महाशय, मैदानभर पोरांच्या पायांची चाल बघून कुणाचा घोटा दुखतोय ते सांगणारे, त्यांनी 'बरं' म्हणून पेपर पुढे ओढला होता.

ती आजारी आहे. काहीतरी मोठं आहे. तिला माहीत आहे आणि मला सांगायचं नाही म्हणून तिने ठरवलंय. आधी मला भात लावता आला पाहिजे. मग ती हात काढून घेणार, आणि मी चालवत राहणार, आणि मागे वळून बघेन तेव्हा... सर एकदम उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गॅस बंद केला, का ते त्यांनाही कळलं नाही, फक्त हाताला कळलं की आता बंद करायचा. झाकण काढलं. भात झाला होता. मोकळा, पांढराशुभ्र, खाली न लागलेला. इतके दिवस कधी गिचका, कधी करपलेला, कधी तांदूळ तसेच. आणि आज नेमका हा असा. करपला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. करपला असता तर ती आणखी थोडे दिवस थांबली असती, असलंही काहीतरी वेड्यासारखं वाटलं आणि त्यांनी झाकण धाडकन परत ठेवलं. तरीही, त्या सगळ्या भीतीतसुद्धा, त्यांच्या डोक्याचा एक कोपरा चाळवलेलाच होता. तिला कधी कळलं असेल? माझा भार हलका झाला तो क्षण तिने कसा ओळखला? ती तर माझ्या मागे धावतही नव्हती.

दार उघडल्याचा आवाज आला. बायको पिशवी घेऊन आत आली, चपला काढता काढता तिने नाकाने हुंगलं आणि म्हणाली, "झाला वाटतं भात!" ओट्यापाशी येऊन झाकण उघडलं, चमच्यावर थोडा घेऊन एक शीत दोन बोटांत दाबलं. "अगं बाई! छान झालाय की हो." तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि त्याच्या मागे आणखी एक काहीतरी होतं, काळजी उतरल्यासारखं.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज, जो मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचा, तो ओट्यापर्यंतही नीट पोचला नाही.

"कुठले डॉक्टर?"

"हे बघ, मला लहान पोरासारखा पक्षी दाखवू नकोस."

"कसला पक्षी?"

"तो सोड. तुझ्या हाताला बोळा होता. मशीन झाकून ठेवलंस. फोनवर दार लावून बोलतेस. मला भात शिकवलास, कपडे शिकवलेस, गोळीसुद्धा माझी मला घ्यायला लावलीस. मी काय बावळट आहे? तुला काय झालंय ते सांग. जे असेल ते सांग, मी ऐकतो." आणि हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

बायको स्टुलावर बसली आणि हसायला लागली, तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. पण सरांचा चेहरा बघितला आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"अहो, वेडे आहात का? मरत नाहीये मी."

"मग?"

"जातेय," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, पिशवीतला साबण बाहेर काढून ओट्यावर मांडत, परत पिशवीत घालत. समुद्राकाठी एका गावात जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथे शेकडो वर्षांपूर्वीची कापडं दुरुस्त करायला शिकवतात. जीर्ण झालेला एकेक धागा भिंगातून बघून सांधायचा, असं काम. वयाची अट नाही. दोन वर्षं तिथेच राहायचं. तिने नमुना म्हणून स्वतःच्या आजीचं एक फाटकं लुगडं सांधून पाठवलं होतं, आणि त्यांनी बोलावलं. तपासणी त्यांनीच करायला सांगितली होती. "तब्येत ठणठणीत आहे म्हणाले. तुमच्यापेक्षा." तिचे डोळे चमकत होते. "मला बघायचंय हो, इतकं जुनं कापड आतून कसं असतं ते. आयुष्यभर दुसऱ्यांचे ब्लाउज उसवले, पण त्यात आत काही नसतं बघण्यासारखं."

सरांच्या अंगातून सगळी भीती एका दमात निघून गेली, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी ओट्याला हात टेकवला. ती आहे. तिला काही झालेलं नाही. आणि हे सुख पुरतं घशाखाली उतरायच्या आत त्याच्या मागून दुसरं आलं, जास्त टोचणारं. आजाराने नेलं असतं तर कुणाचा दोष नव्हता. ही तर आपल्या पायांनी निघाली होती.

"सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले. उत्तर आपल्याला माहीत आहे असं त्यांना वाटलं, हाच तर त्यांचा धंदा. "सांगितलं असतंस तर मी शिकलो नसतो, म्हणूनच ना?"

"छे हो! तुम्ही शिकला असतात. कुरकुरत शिकला असतात, पण शिकला असतात." तिने साबण पुन्हा बाहेर काढला. "तुमचं नाही. माझंच. तुम्ही एकदा जरी 'नको जाऊस' म्हणाला असतात ना, तर मी थांबले असते. माझं मला माहितेय. तुम्ही पडाल म्हणून नाही, माझाच हात सुटला नसता. म्हणून मग तुम्हाला विचारलंच नाही." मग ओट्याकडे बघत म्हणाली, "अजून येते म्हणून कळवलेलं नाही मी त्यांना. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

आणि तिने त्यांच्याकडे बघितलं. सरळ, काही न लपवता, भीत भीत. सरांना एकदम कळलं की सगळं आता त्यांच्या हातात आहे, आणि तसं ते असावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. 'नको जाऊस' त्यांच्या जिभेवर आलेलं होतं. खोटं नव्हतं ते. दोन वर्षं या घरात कूस बदलायला कुणी नसणार, आणि ते एवढंसं बोलले की ती थांबणार होती, उद्या सकाळी मशीनवरची चादर काढणार होती, आणि पुन्हा कधी त्या गावाचं नाव काढणार नव्हती, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"समुद्राकाठी वारं फार असेल," ते म्हणाले. "गरम कपडे घेतलेस का?"

"नाही घेतले अजून," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.